गरोदर बाईच्या गोळीची हकीकत

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा तीनदा निरोप आला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय लिहिणार? पाहिजे तर अनारसे लिहून देते." त्या म्हणाल्या, "पाककृतींची सहा पाने आधीच झाली आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही त्या इंग्रज डॉक्टरीणबाईंची गोष्ट सांगितली होती, ती लिहा." म्हणून हा प्रयत्न. चुकलेमाकले भगिनींनी सांभाळून घ्यावे.

ही हकीकत मला पुस्तकांच्या दुकानात सापडली नाही. माझी मुलगी नर्सिंगचा कोर्स करीत होती, तेव्हा रात्री ती मोठ्याने धडे वाची आणि मी समोर बसून तांदूळ निवडी. पुस्तक इंग्रजी, ते ती मला आपल्या भाषेत सांगे. एका रात्री तिने मुंबईच्या गिरणीबायांचा विषय काढला, आणि माझ्या हातातले सूप तसेच राहिले. ते का, हे पुढे येईलच.

गरोदर बाईने काय खावे आणि काय खाऊ नये, हा विषय आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचा महिन्यामहिन्याचा आहार सांगितलेला आहे. दूध, लोणी, तूप असे साधे, सौम्य पदार्थ त्यात आहेत. काठोकाठ तेलाने भरलेले भांडे जसे हिंदकळू न देता सांभाळावे, तसे गर्भिणीला सांभाळावे, असे तेथे म्हटले आहे. आणि तीक्ष्ण औषधे तिला देऊ नयेत, असेही बजावले आहे. आज बाजारात जो तो म्हणतो, "जडीबुटीचे आहे, ह्याने अपाय होत नाही." असे म्हणणाऱ्याने जुना ग्रंथ उघडून पाहिलेला नसतो, असे मला वाटते. औषधाने अपाय होऊ शकतो, हे त्या जुन्या वैद्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

आपल्या आनंदीबाई जोशी ह्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या व १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. सातासमुद्रापार जाऊन त्या बाईने घरचाच विषय घेतला, ह्याचे मला फार अप्रूप वाटते. पण त्यांना आयुष्यच लाभले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती, त्या वारल्या.

आता मुंबईची गोष्ट. १९२८ च्या सुमारास मुंबईत गरोदर बायांना एक चमत्कारिक पांढरा रोग होत असे. बाई फिक्कट पडे, पाय सुजत, जीभ सोलल्यासारखी लाल होई, धाप लागे, आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या आगेमागे ती दगावे. गिरणीत काम करणाऱ्या व चाळीत राहणाऱ्या गरीब बायांत, त्यातही पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायांत, हा रोग अधिक दिसे. तेथे डॉ. मार्गारेट बाल्फोर ह्या बाई बाळंतिणींच्या मृत्यूंचा शोध घेत होत्या. त्यांच्या सांगण्यावरून विलायतेहून डॉ. ल्यूसी विल्स आल्या. त्यांचे मुख्य ठिकाण परळचे हाफकिन इन्स्टिट्यूट हे होते आणि खर्चासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टने पैसे दिले होते.

ल्यूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ चा. त्यांनी आधी केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून घेतले होते. १९१४ चे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तेथे नर्सचे काम केले, मग लंडनला येऊन डॉक्टरकी शिकल्या आणि १९२० साली डॉक्टर झाल्या. लग्न केले नाही. मुंबईस आल्या तेव्हा चाळिशी गाठली होती. म्हणजे आज मी ज्या वयात 'आता आपले काय राहिले' म्हणते, त्या वयात ह्या बाईने नवा देश व नवे काम पत्करले.

त्यांना प्रथम वाटले, हा रोग एखाद्या जंतूमुळे होत असावा. त्यांनी तपासण्या केल्या, परंतु जंतू सापडेना. मग त्यांनी बायांच्या ताटात पाहायचे ठरविले. डॉ. तळपदे ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतील निरनिराळ्या थरांतल्या बाया काय खातात, कशा राहतात ह्याची पाहणी केली, आणि ती १९३० साली छापली. ज्यांच्या खाण्यात हिरवा भाजीपाला, फळे व दूध नावालाच होते, त्यांनाच हा रोग अधिक, असे दिसून आले. रोगावर बकऱ्याच्या अगर गाईच्या काळजाचा अर्क चालत असे, कारण १९२६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी काळीज खाऊ घालून दुसऱ्या एका जातीचा पांढरा रोग बरा केला होता. पण तो अर्क महाग. चाळीतल्या बाईला तो कोण देणार? आणि पुष्कळजणी मांस शिवत नसत, तो प्रश्न निराळाच.

ल्यूसीबाईंनी उंदरांवर प्रयोग केले, १९२९ साली काही महिने निलगिरीत कुन्नूरला जाऊन काम केले, मग माकडांना त्या गरीब बायांसारखाच आहार देऊन पाहिला. माकडे तशीच फिक्कट पडली. तेव्हा एका माकडाला त्यांनी मार्माइट देऊन पाहिले. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत जे किण्व उरते, त्याचा काळा, खारट, चिकट अर्क. विलायतेत लोक तो पावाला लावून खातात. अगदी स्वस्त वस्तू. माकड सुधारले. मग बायांना दिला. काही दिवसांतच नवे रक्त होऊ लागले, भूक लागू लागली. ज्या बायांची आशा सोडली होती, त्या उठून बसू लागल्या. १९३१ च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे सारे छापून आले.

येथे मुलीने मला एक बारकावा सांगितला, तो मला फार आवडला. काळजाचा अर्क जसजसा अधिक शुद्ध करीत गेले, तसतसा तो मुंबईच्या ह्या रोगावर चालेनासा झाला. ओबडधोबड, गाळसाळ न केलेला अर्क मात्र चाले. ह्याचा अर्थ असा, की गुण देणारी वस्तू शुद्ध करताना टाकून दिलेल्या चोथ्यात जात होती, आणि ती निराळीच कोणीतरी होती. तिला नाव नव्हते, म्हणून लोक तिला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. भाताच्या गिरण्यांच्या गावात राहणाऱ्यांना हे लवकर समजेल. तांदूळ पांढराशुभ्र होईस्तोवर घासायचा, आणि जीवनसत्त्वाचा कोंडा गुरांना घालायचा, असेच हे.

ती वस्तू कोणती, हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक आटवून तिचा अगदी थोडा अंश काढला. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून तिला फॉलिक ॲसिड असे नाव पडले. म्हणजे पालेभाजीचेच नाव, फक्त परदेशी. पुढे १९४५ साली ही वस्तू कारखान्यात तयार करण्याची कृती प्रसिद्ध झाली, आणि ती ज्या मंडळींनी शोधली त्यांचे प्रमुख होते आपल्या आंध्रातील भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांच्या घरी भावाचा मृत्यू स्प्रू नावाच्या आतड्याच्या विकाराने झाला होता. ते स्वतःही त्या दुखण्यातून गेले होते आणि मद्रासला आयुर्वेदाच्या कॉलेजात त्यांनी शिकविलेही होते. त्याच स्प्रूवर फॉलिक ॲसिड लागू पडते. ते १९४८ साली न्यूयॉर्कला वारले. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव असावयास पाहिजे, असे मला वाटते.

इतकी हकीकत हळदीकुंकवाला सांगितली होती. जे त्या दिवशी सांगितले नाही, ते आता लिहिते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून फुटून आपला गोंदिया जिल्हा झाला, त्याच उन्हाळ्यात माझे लग्न झाले. सासर आमगावकडचे, खेडे लहान, घरी धानाची शेती. २००० साली मला पहिल्यांदा दिवस गेले. महिना टळून पंधराएक दिवस झाले असतील. एका नातलग बाईंनी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून दोन पुड्या आणल्या. खालचा गोऱ्हा असेल अशा गाईच्या दुधातून, सूर्य उगवताना घ्यायच्या. म्हणजे मुलगाच होतो. कोणाला सांगायचे नाही. मी वीस-एकवीस वर्षांची, नवी सून. एक पुडी मी घेतली. चव कडू-तुरट होती आणि दिवसभर मळमळले. दुसरी पुडी घेण्याचा धीर झाला नाही. ती मी लुगड्याच्या घडीत दडवून ठेवली.

पुढे चौथ्या महिन्यात नर्सबाई आल्या. त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. त्या खाल्ल्या की शौचास काळे होई. सासूबाई प्रेमळ होत्या, वाईट कोणाचे चिंतणाऱ्या नव्हत्या, पण त्या म्हणाल्या, "काहून खातं त्या गोळ्या, पोरी? लेकरू कारं होईन. अन् मोठं झालं तं अडून बसन." मग मी गोळ्या गिळल्यासारखे करी आणि परसात तुळशीमागे टाकी. जी पुडी कोणी तपासली नव्हती ती मी घेतली, आणि ज्या गोळीमागे सत्तर वर्षांचे काम होते ती टाकली. ह्याची लाज मला आजही वाटते.

२००१ च्या जानेवारीत मुलगी झाली. तिच्या पाठीचा कणा खालच्या बाजूस उघडा होता. नऊ दिवस राहिली. डॉक्टरांना मी विचारले, हे कशाने झाले? ते म्हणाले, एका बाईच्या बाबतीत अमुक एका गोष्टीनेच झाले असे कोणालाही सांगता येत नाही. पुडीचे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी बजावले, की पुढचे मूल हवेसे वाटेल तेव्हा आधी येऊन भेटा, दिवस जाण्याच्या आधी. आम्ही गेलो. त्यांनी फॉलिक ॲसिडची मोठ्या प्रमाणाची गोळी तीन महिने आधीपासून सुरू केली. आज पुस्तक वाचून दाखविणारी माझी मुलगी ती त्यानंतरची, आणि तिच्या पाठचा मुलगा. दोघेही धडधाकट.

माझ्या हातातले सूप का थांबले, ते आता भगिनींच्या लक्षात येईल. ल्यूसीबाईंनी मुंबईत जी वस्तू हुडकली तीच ती गोळी होती. आणि धड्यात पुढे असे होते, की १९९१ च्या जुलैमध्ये विलायतेच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एका मोठ्या प्रयोगाचा निकाल छापला. सात देशांतील तेहतीस ठिकाणच्या १,८१७ बाया त्यात होत्या. त्या सगळ्या माझ्यासारख्या, म्हणजे आधी असे एक लेकरू झालेल्या. काहींना फॉलिक ॲसिड दिले, काहींना दुसरी जीवनसत्त्वे, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. कोणाला काय मिळते ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरे. फॉलिक ॲसिड घेतलेल्यांत तसली सहा मुले झाली, न घेतलेल्यांत एकवीस. फरक इतका स्पष्ट दिसला, की प्रयोग मुदतीआधीच थांबविला, कारण उरलेल्या बायांना गोळीवाचून ठेवणे अन्यायाचे झाले असते. आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचाही तसाच प्रयोग चालू होता. तो हा निकाल येताच थांबला, आणि त्याचा अहवाल २००० साली निघाला. ज्या वर्षी मी ती पुडी घेतली, त्याच वर्षी.

मी मुलीला विचारले, "मग मी त्या गोळ्या तुळशीमागे टाकल्या नसत्या, तर?" तिने थोडा वेळ विचार केला आणि खरे तेच सांगितले. गर्भाचा कणा गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटतो. बाईला पुष्कळदा तोवर कळतही नाही. चौथ्या महिन्यात आलेली गोळी रक्तासाठी कामाची, पण कण्यासाठी उशिराची. आणि पुडी? ती मी घेतली तेव्हा कणा मिटतच असेल किंवा मिटून चुकला असेल. म्हणजे दोहोंपैकी कशालाही बोट लावता येत नाही. फक्त एवढेच, की फॉलिक ॲसिड दिवस जाण्याच्या आधीपासून पोटात असावे लागते. हे आपल्याकडे लग्न ठरताना कोणी सांगत नाही. मानपान, पत्रिका, सारे काही विचारतात.

सरकारी गोळीचा इतिहासही लहानसा सांगते. आपल्या देशात गरोदर बायांना लोह व फॉलिक ॲसिडची गोळी फुकट देण्याची योजना १९७० साली सुरू झाली. साठ मिलिग्रॅम लोह व पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, शंभर दिवस. पुढे लोह शंभर मिलिग्रॅम केले, कारण बायांचे रक्त काही वाढेना. २०१८ साली 'ॲनिमियामुक्त भारत' योजना आली तेव्हा ते पुन्हा साठ केले, गोळीला तांबडे साखरेचे वेष्टण दिले, आणि गरोदरपणात एकशेऐंशी दिवस व बाळंतपणानंतर एकशेऐंशी दिवस घ्यावी असे ठरले. शौचास काळे होते ते न पचलेल्या लोहाने; लेकराच्या रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही. चहाबरोबर घेतली तर गोळी फुकट जाते. लिंबू किंवा आवळ्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. हे मी आमच्या गल्लीतल्या सुनांना इतक्यांदा सांगितले आहे, की त्या मला पाहिल्याबरोबर म्हणतात, "काकू, घेतली, लिंबूपाण्यासोबतच घेतली!"

ल्यूसीबाईंचे आणखी एक काम येथे आठवते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा त्यांनी गरोदर बायांना लोह देऊन पाहण्याचा प्रयोग केला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. गोळीचा गुण आहे की नुसता विश्वासाचा, हे त्याशिवाय कळत नाही. बॉम्बमुळे प्रयोग पुरता झाला नाही, पण पद्धत पाहा. आपल्याकडे पुडी देणारा माणूस म्हणतो, "माझ्या पुडीने मुलगा होतो," आणि दर दोन बायांपैकी एकीला मुलगा होतोच. ती पेढे घेऊन येते. दुसरी घरी बसून रडते, तिला कोण विचारते?

ह्या मुलगा होण्याच्या पुड्यांचा तपास हरियाणात झाला आहे. तेथेही दिवस गेल्यावर दीड-दोन महिन्यांत अशी औषधे घेण्याची चाल आहे. त्यांत शिवलिंगीचे बी, माजूफळ अशा वस्तू सापडल्या. शिवलिंगीसारख्या वनस्पतींत बायकांच्या शरीरातील रसासारखे काम करणारी द्रव्ये असतात. ज्या बायांनी ती घेतली त्यांच्यात व्यंग असलेली मुले होण्याचे प्रमाण अधिक आढळले, असे संशोधन २०१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. मुलगा-मुलगी हे तर गर्भ राहतो त्याच क्षणी ठरलेले असते. नंतर पोटात काय टाकले तरी ते बदलत नाही. गर्भाची परीक्षा करून मुलगी पाडण्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने केला. १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला, आणि २००३ साली गर्भ राहण्याच्या आधीची निवडही त्यात आणली. पण पुडी देणारे बाजारात उभे असतात, आणि आपणच त्यांच्याकडे जातो.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. २०११ व २०१२ साली तेथे सहा गरोदर बायांच्या रक्तात शिसे सापडले. बहुतेकजणी जन्माने भारतातल्या. घरून नेलेल्या किंवा मागविलेल्या देशी औषधांच्या गोळ्या त्या घेत होत्या, काही तर गर्भ नीट वाढावा म्हणून. काही गोळ्यांत शिसे होते, काहींत पारा व सोमलही. शिसे आईच्या रक्तातून लेकराच्या मेंदूपर्यंत जाते. जुन्या रसशास्त्रात धातूंची भस्मे आहेत, त्यांचा जाणकार वैद्य निराळा आणि ओळखीच्या बाईने दिलेली डबी निराळी. आपल्या १९४० च्या औषध कायद्यातही विषारी देशी द्रव्यांची यादी आहे, आणि ती असलेल्या औषधावर वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापावी लागते. डबीवरची बारीक अक्षरे मुलांकडून वाचून घ्यावीत.

आणि सारा दोष जडीबुटीवर टाकून मोकळे होऊ नये. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची गोळी निघाली. ती कारखान्यात बनलेली, डॉक्टरांनी दिलेली, आणि गरोदरपणातील मळमळीवर अगदी निर्धोक म्हणून खपलेली होती. १९६१ साली ती बंद झाली तोवर जगात सुमारे दहा हजार मुले आखूड हातापायांची जन्मली होती. अमेरिकेत डॉ. फ्रान्सिस केल्सी ह्या बाईंनी पुरावा मागून तिला परवानगीच दिली नाही, म्हणून तेथली मुले बहुतांशी वाचली. जीवनसत्त्वाचेही तसेच. अ जीवनसत्त्व नको इतके झाले तर गर्भाला बाधते. १९९५ साली अमेरिकेत बावीस हजारांहून अधिक बायांच्या पाहणीत, रोज दहा हजार युनिटांहून अधिक औषधरूपाने घेणाऱ्यांच्या मुलांत व्यंग अधिक दिसले. लहान मुलांना अंगणवाडीत पाजतात तो अ जीवनसत्त्वाचा डोस गरोदर बाईने 'ताकद येते' म्हणून चाटू नये, तो ह्याच कारणाने. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची मिठाई फार खाणाऱ्या बायांच्या मुलांची बुद्धी थोडी मागे पडलेली आढळली. खोकल्याला एखादी कांडी चघळणे निराळे, रोज काढा पिणे निराळे.

आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट राहिली. आपल्याकडे सिकलसेलचा विकार पुष्कळ घरांत आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी ह्यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर लेख छापला, तेव्हापासून विदर्भातील हा विकार डॉक्टरांना ठाऊक आहे. ह्यात रक्त कमी असते, पण ते नेहमी लोहाच्या अभावानेच असे नाही. अशा बाईला फॉलिक ॲसिड पाहिजेच असते, परंतु लोह किती द्यावे हे रक्त तपासून ठरवावे लागते, विशेषतः वरचेवर रक्त चढविलेले असेल तर. म्हणून शेजारणीला लागू पडली म्हणून तीच बाटली दुकानातून आणू नये. आपल्या मंडळात मागे रक्ततपासणीचे शिबिर झाले, त्यात तीन सुना व एक सासू सिकलसेलवाहक निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "आता समजलं, माझी माय एवढी कशी अशक्त होती ते."

बाकी ताटातले औषध आपल्याकडे कमी नाही. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, हिवाळ्यात लाखोळीचा कोवळा पाला, शेवग्याची पाने, अंबाडी, हरभऱ्याची भाजी, चवळी, मूग. मुंबईच्या चाळीतल्या त्या बायांना हेच मिळत नव्हते. पण आपण भाजी उकडून तिचे पाणी फेकतो, आणि फॉलिक ॲसिड पाण्याबरोबर मोरीत जाते. फार वेळ शिजविले तरीही नासते. तरीसुद्धा गोळीची जागा भाजी घेत नाही, आणि भाजीची गोळी. मला हे दोन्ही पटायला फार वर्षे लागली.

ल्यूसीबाई १९६४ च्या एप्रिलमध्ये लंडनला वारल्या. त्या १९३७–३८ च्या हिवाळ्यात पुन्हा एकदा हिंदुस्थानात येऊन गेल्या होत्या. मुंबईत त्यांच्या औषधाने उठून बसलेल्या बायांची नावे कोठे छापलेली नाहीत. त्यांच्या नातवंडांना, पतवंडांना हे ठाऊकही नसेल.

दुसरी पुडी माझ्याजवळ पुष्कळ वर्षे होती. मुलगी नर्सिंगला गेल्यावर म्हणाली, "आई, देतेस का? कोठे तपासून घेता आली तर पाहू." मी पेटी उघडली. मागच्या पावसाळ्यात पत्र्यातून पाणी गळले होते; लुगड्याच्या घडीत तपकिरी डाग आणि कागदाचा लगदा तेवढा राहिला होता.